आमची वाटचाल: कोयत्यापासून अंजनाच्या लाकडाच्या मुठीपर्यंत

आमचा कारखाना म्हणजे कुडाळजवळच्या गावातली घरामागची पत्र्याची शेड, एक भट्टी, पट्ट्याचं एक ग्राइंडर आणि बाबांची ऐरण. बाबा कोयते, विळ्या, अडकित्ते करायचे. ट्रकचे मोडके पाटे तापवून ठोकलेला त्यांचा कोयता आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी जणांच्या कमरेच्या आकडीत असायचा. मी पुण्यातली टूलरूमची (कारखान्याची साचे-हत्यारं बनवतात त्या विभागातली) नोकरी सोडून २०१४ साली परत आलो आणि छोट्या सुऱ्या करू लागलो. स्वयंपाकघरासाठी, बागायतीसाठी, ट्रेकला जाणाऱ्यांसाठी. बाबा माझी सुरी हातात फिरवून बघायचे आणि दरवेळी एकच म्हणायचे, "झिला, धार कोणय काढतलो. मूठ हातात बसाक व्हयी."

त्याचा अर्थ मला नागपूरच्या गिऱ्हाइकामुळे कळला. जुलैत केलेली शिसवी मुठीची सुरी त्यांना पाठवली होती. एप्रिलमध्ये फोन आला, "भाऊ, पातं मस्त आहे, पण मूठ हाताला टोचून राहिली." परत मागवून बघितली. लाकूड आडवं आकसलं होतं. मूठ पात्याला धरून ठेवणाऱ्या पितळी रिव्हेट होत्या तेवढ्याच राहिल्या, त्यामुळे त्यांची डोकी वर आली होती आणि एकीपासून केसाएवढी चीर गेली होती. कोकणच्या पावसात लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं, विदर्भाच्या उन्हाळ्यात ती सोडून देतं. मी ते सुकायची वाटच बघितली नव्हती. त्या पावसाळ्यात सुऱ्या घेतलेल्या प्रत्येकाला मी फोन केला आणि अकरा मुठी बदलून दिल्या. नफा गेला, पण त्यातले बरेच जण आजही आमचे गिऱ्हाईक आहेत.

तेव्हापासून मुठीचं लाकूड चिरलं की त्यावर पेन्सिलीने वजन आणि तारीख लिहितो. एक पावसाळा आणि एक उन्हाळा ते माळ्यावर पडून राहतं. मग ४० वॉटचा बल्ब लावलेल्या पेटीत ठेवतो आणि दर आठवड्याला वजन करतो. सलग तीनदा वजन तेच भरलं, तरच करवत लावायची.

शिकारीची सुरी आम्ही कधी केली नव्हती. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तशी गरजही नव्हती. पण ॲरिझोनात राहणाऱ्या एका मालवणच्या माणसाला आपल्या शेजाऱ्यासाठी भेट हवी होती. तिथे सोडतीत परवाना मिळाला की एल्कची, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाची, शिकार करता येते. त्याने आधी सांबरशिंगाची मूठ मागितली. मी सरळ नाही म्हणालो. त्या शिंगाचा व्यापार आपल्याकडे बेकायदा आहे आणि मला तो करायचाही नाही. शिसव परदेशी धाडायचं तर 'साइटीस'चे, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, नियम बघावे लागतात. मग मला अंजन आठवलं.

अंजन सातपुड्याकडचं, खानदेशातलं झाड. लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर तळ गाठतं. जळगाव जिल्ह्यात पाडलेल्या एका जुन्या घराचा खांब मी विकत आणला होता, आत काळपट तांबडा. तिकडे बैलगाडीला आणि औजारांना वापरलं जाणारं हे लाकूड, ॲरिझोनातल्या माणसाने कधी बघितलेलंही नसणार.

पातं चार इंची ठेवलं. टोक पाठीच्या रेषेपेक्षा खाली झुकलेलं, म्हणजे जनावर सोलताना आतडं फाटत नाही. पोलाद बेअरिंगचं, ईएन-३१. बाबा पिकल्या काजूच्या बोंडाचा रंग आला की पाणी द्यायचे, म्हणजे पातं बुडवून कडक करायचे. मी चुंबकही लावतो. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं सोडतं, मग त्याच्या थोडं वर नेऊन कोमट तेलात बुडवायचं. त्यानंतर भट्टीत २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. नाहीतर पातं काचेसारखं तुटेल.

अंजनाने मात्र घाम काढला. करवतीचे दात बोथट झाले. ड्रिल जरा जोरात चालवलं की भोकातून धूर, आणि तापलेलं लाकूड तडकतं. मुठीच्या दोन बाजूंच्या फळ्यांचा एक जोड तसाच गेला. दुसऱ्याला एकेक मिलिमीटर थांबत भोक पाडलं. मग १२० नंबरच्या कागदापासून १५००पर्यंत घासून वर जवसाच्या तेलाचा पातळ हात. बाबांनी मूठ धरली, डोळे मिटले, अंगठा एकदा पुढेमागे केला आणि करंगळीपाशी नखाने खूण केली. तिथे मी अर्धा मिलिमीटर उतरवला.

तो माणूस गणपतीला आला होता, जाताना चेक-इन बॅगेतून सुरी घेऊन गेला. दोन कोरडे उन्हाळे झाल्यावर मी त्याला रिव्हेटवरून नख फिरवायला सांगितलं. कुठे अडकलं नाही म्हणाला.

खांबाचा दोन हात तुकडा अजून शिल्लक आहे. त्यातले सहा जोड सध्या पेटीत आहेत. चौघांचं वजन थांबलंय, दोघांचं अजून उतरतंय.