ओ पॉझिटिव्ह, सगळं नॉर्मल, तरी नाही

माझी किडनी बायकोला चालेल का ह्याच्या शेवटच्या तपासणीचा, क्रॉसमॅचचा, रिपोर्ट परवा आला आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. गेले तीन महिने मी डोनरच्या तपासण्यांबद्दल मराठीत काही सापडतंय का बघत होतो, जे सापडलं ते बहुतेक ज्याला किडनी मिळते त्याच्याबद्दल होतं, देणाऱ्याचं काय काय तपासतात आणि का, हे मला शेवटी एकेका डॉक्टरला विचारून विचारूनच कळलं.

बायकोचं दीड वर्षापासून डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून एकमेकांना जोडलेली धमनी आणि शीर. रात्री झोपेत माझा हात तिच्या हातावर पडला की आत सतत काहीतरी गुरगुरत असल्यासारखं जाणवतं, डॉक्टर त्याला थ्रिल म्हणतात आणि ते लागतंय म्हणजे फिस्टुला चालू आहे. मी आता रोज झोपायच्या आधी हात लावून बघतोच. पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटपाच्या विभागीय केंद्राच्या, यादीत नाव लावलंय, पण तिथे नंबर कधी लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. मग मी म्हणलं मी देतो. माझा ग्रुप ओ पॉझिटिव्ह, हिचा बी पॉझिटिव्ह, म्हणजे पहिली पायरी तर पार होती.

घरी आई गप्प झाली. दोन दिवसांनी म्हणाली, "तू कमावता आहेस रे, तिच्या माहेरचं कुणी बघ ना." सासूबाई लगेच तयार होत्या, पण त्यांना शुगर, त्यामुळे त्यांचा विषय पहिल्याच भेटीत संपला. एक गोष्ट मला सांगायचीच आहे. डोनरच्या ओपीडीत मी जितके दिवस बसलो तितके दिवस आजूबाजूला बहुतेक बायकाच होत्या, कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची बहीण. नवरा बायकोला देतोय म्हणल्यावर लोक माझं कौतुक करायचे, आणि शेजारी बसलेल्या त्या बाईचं कौतुक कुणीच करत नव्हतं, ती देणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. मला हे फार लागलं.

तपासण्या खूप आहेत. रक्त, लघवी, लिव्हर, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टू डी इको, स्ट्रेस टेस्ट, सोनोग्राफी. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर. चोवीस तास बीपीचं मशीन कमरेला बांधून हिंडायचं, अर्ध्या अर्ध्या तासाने पट्टा दंड आवळतो, मीटिंगमधे असलो तरी हात सरळ सोडून गप्प बसायचं. चोवीस तासांच्या लघवीला मात्र मला दोनदा बसावं लागलं, कारण सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी कॅनमधे जमा करायची हे लॅबमधे मला कुणी सांगितलंच नाही, मी पहिलीपण धरली, हिशोब चुकला, परत सगळं. तुम्हाला कॅन देतील तेव्हा घड्याळात बघून नीट विचारून घ्या, सुट्टीच्या दिवशी करा.

डीटीपीए स्कॅनमधे हाताला थोडं रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध टोचतात आणि कॅमेऱ्याखाली अर्धा तास न हलता झोपवतात, त्यातून दोन्ही किडन्या वेगवेगळं किती काम करतात ते कळतं. माझी डावी 47, उजवी 51. मी सहज म्हणलं, मग उजवी द्या की, चांगली आहे. डॉक्टर म्हणाले, "चांगली तुमच्याकडेच राहणार. नियमच आहे तो." दोन्हींत फारसा फरक नसेल तर तसंही डावीच घेतात, कारण डावीची शीर लांब असते आणि पुढे जोडायला सोपी जाते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे एवढं सगळं बायकोसाठी चाललेलंच नाहीये, माझ्यासाठी चाललंय. मला काही आजार नाही, तरी माझं पोट उघडणार, म्हणून मला पुढे आयुष्यभर काही होऊ नये ह्याची खात्री करत होते ते.

सायकियाट्रिस्टनी मला एकट्याला बसवलं, बायकोला बाहेर. कुणाचं प्रेशर आहे का, पैशाचं काही आहे का, ऑपरेशननंतर तिची बॉडी किडनी रिजेक्ट करेल तर तुम्हाला कसं वाटेल. शेवटी म्हणाल्या, ऑपरेशन थिएटरच्या दारात जरी नको वाटलं तरी सांगा, आम्ही घरच्यांना फक्त मेडिकली अनफिट एवढंच सांगू. मला काही नको वाटलं नव्हतं, पण ते ऐकून एकदम हलकं वाटलं. बाहेर बसलेल्या त्या सगळ्या बायकांनाही हे वाक्य असंच एकटीला बसवून, सावकाश सांगितलं जात असेल अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तिकडे कायद्याचे कागद वेगळे. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यात नवरा-बायको जवळच्या नात्यात येतात, पण नातं सिद्ध करावं लागतं. मॅरेज सर्टिफिकेट, लग्नातले फोटो, मुलांचे जन्मदाखले. माळ्यावरून अल्बम काढला तर मधल्या पानांचे फोटो एकमेकांना चिकटलेले, हिने ते हलक्या हाताने सोडवले, सप्तपदीचा एक तेवढा नीट निघाला.

आणि हे सगळं झाल्यावर, सीटी अँजिओसुद्धा (किडनीच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) झाल्यावर, क्रॉसमॅच. ह्यात माझ्या पांढऱ्या पेशी आणि तिचं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा पातळ भाग, एकत्र ठेवतात. तिच्या सीरमने माझ्या पेशी मारल्या तर पॉझिटिव्ह. आमची पॉझिटिव्ह आली.

डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. पोटातलं बाळ अर्धं बापाचं असतं, आईच्या शरीराला तो अर्धा भाग परका वाटू शकतो आणि ते त्याच्याविरुद्ध अँटीबॉडीज करून ठेवतं. आमची दोन बाळंतपणं, मधे एक मिसकॅरेज, वर गेल्या वर्षी हिमोग्लोबिन उतरलं म्हणून चढवलेल्या रक्ताच्या दोन पिशव्या. म्हणजे माझी किडनी हिच्या शरीराने आधीच ओळखून ठेवली आहे, नको म्हणून. बॉस्टनला 1954 साली जी पहिली यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झाली ती एकसारख्या जुळ्या भावांमधे झाली, एका शरीराला दुसरं परकं वाटलंच नाही. आमचं अठरा वर्षांचं लग्न आहे, पण रक्ताला ते कळत नाही.

ही गाडीत एवढंच म्हणाली, "म्हणजे पोरांमुळे?" मी गाडी बाजूला घेतली. म्हणलं हे वाक्य घरी परत काढायचं नाही, मुलगी सोळा वर्षांची आहे, ती हे आयुष्यभर मनात ठेवेल. ही हो म्हणाली आणि मग बराच वेळ आम्ही तिथेच बसून होतो.

माझी एकच तक्रार आहे, ही टेस्ट आधी का नाही केली. बायको किंवा आई घेणारी असेल, तिची बाळंतपणं झालेली असतील आणि नवरा किंवा मुलगा देणारा असेल तर ब्लड ग्रुपनंतर लगेच क्रॉसमॅच करा म्हणून तुम्ही स्वतः मागे लागा. सीटी, डीटीपीए सगळं नंतर. पैसे वाचतीलच, पण तीन महिने धरून ठेवलेली आशा अशी एका संध्याकाळी जाणार नाही.

प्लाझ्माफेरेसिस करून, म्हणजे रक्तातला प्लाझ्मा काढून बदलून, अँटीबॉडीज कमी करता येतात म्हणाले, पण रिजेक्शनचा धोका जास्त, खर्चही मोठा. मग कोऑर्डिनेटर मॅडमनी स्वॅपचं सांगितलं. साताऱ्याकडचं एक जोडपं आहे, त्यांच्यात नवऱ्याला किडनी पाहिजे, त्याचा ग्रुप ओ, आणि बायको द्यायला तयार पण ती बी, आणि ओवाल्याला बी चालत नाही. म्हणजे माझी त्यांना, त्या ताईंची हिला. 2011 च्या दुरुस्तीनंतर अशी अदलाबदल कायद्यात बसते, समितीची परवानगी लागते, आणि ऑपरेशनं शक्यतो एकाच दिवशी करतात म्हणजे मधेच कुणी मागे सरकायला नको.

काल आम्ही चौघं पहिल्यांदा भेटलो. त्या ताईंनी डब्यात दशम्या आणल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी आणली होती ती बाकीच्यांसाठी, हिला पोटॅशियममुळे चालत नाही हे त्यांना न सांगताच माहीत, त्यांच्या घरीही तेच पथ्य. ताईंनी हिचा फिस्टुला असलेला हात हातात घेतला आणि बोटं ठेवून बघितलं, जसं मी रोज बघतो तसंच.

गुरुवारी दोन्ही जोडप्यांचे डोनर बदलून क्रॉसमॅच आहे. हिचं सॅम्पल डायलिसिसच्या आधी द्यायचंय आणि डायलिसिस सातला लागतं, म्हणून साडेपाचला निघायचंय.