श्वास सोडायला जागा

फुंकून वाजवायच्या वाद्याचा विषय निघाला की आपण दमसासाचं कौतुक करतो. किती वेळ सूर धरला, कुठं दम संपला, कुठं हळूच श्वास चोरला. ओबो या पाश्चात्त्य फुंकवाद्याच्या बाबतीत हे सगळं उलटं आहे. ओबो वाजवणाऱ्याचा श्वास संपत नाही, उरतो. त्याची पत्ती म्हणजे बोरूसारख्या पोकळ गवताचे तासून पातळ केलेले दोन पापुद्रे, दोऱ्यानं एकत्र बांधलेले. त्यांच्यातली फट इतकी अरुंद की फुंकायला जोर भरपूर लागतो, पण हवा जाते जेमतेम. ओळ संपते तेव्हा छाती बरीचशी भरलेलीच असते, फक्त आतली हवा शिळी झालेली. जीव कासावीस होतो तो त्या शिळ्या हवेनं. म्हणून आधी सोडायचं, मग घ्यायचं. गर्दीच्या लोकलमध्ये उतरणाऱ्यांना वाट दिल्याशिवाय चढता येत नाही, तसंच. आणि या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो. तो वेळ संगीतकारानं लिहून ठेवलेला असावा लागतो.

हे कळल्यापासून माझं ऐकणं जरा बिघडलंच आहे. बरोक काळातलं (साधारण 1600 ते 1750) चार-पाच वादकांचं युरोपीय संगीत लावलं की सुरावट बाजूला राहते आणि मी ओबोवाल्याला कुठं सुटका मिळते ते शोधत बसते. चाळीस-पन्नास जणांच्या वाद्यवृंदात एखादा श्वास लपून जातो. दिवाणखान्यातल्या मैफिलीत प्रत्येक जण उघडा पडतो.

खरं तर हे वाद्य दिवाणखान्यात आलं तेच उशिरा. त्याचा पूर्वज शॉम. सनईच्या नात्यातलं, मोकळ्या हवेत, मिरवणुकीत दणक्यात वाजणारं वाद्य. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारातल्या कारागीर-वादकांनी त्याला नवं रूप दिलं. याचं श्रेय सहसा ओत्तेतेर आणि फिलिदोर या घराण्यांना जातं. बहुधा बॉक्सवुडचं लाकूड, सहा भोकं, दोन-तीन चाव्या, बस्स. पण पत्ती ओठांच्या ताब्यात आली आणि सूर बारीक-मोठा करता येऊ लागला. 1714 आणि 1715 मध्ये म्हाताऱ्या राजासाठी जवळजवळ दर रविवारी छोटी मैफल व्हायची. संगीतकार फ्रांस्वा कूपरँ हार्पसिकॉर्डवर (पियानोसारखं, पण तारा छेडून वाजणारं वाद्य), आणि साथीला वाजवणाऱ्यांत एक फिलिदोरही. त्या मैफिलींसाठी कूपरँनं लिहिलेलं संगीत ऐकताना मला कुणाची काळजी वाटत नाही. सगळं कसं रीतसर, नमस्कार-चमत्कार करत चाललेलं असतं.

जर्मन संगीतकार टेलेमानही तसाच भला माणूस. तो स्वतः ओबो वाजवायचा, त्यामुळे त्याला दुखणं ठाऊक होतं. 1716 मध्ये फ्रँकफर्टला त्यानं छोट्या रचनांचा एक संग्रह छापला आणि चार नामवंत ओबोवादकांना अर्पण केला. त्या रचनांत स्वरांचा पल्ला बेताचा, उड्या जवळच्या. एक वाक्य संपलं की जरा थांबा, मग पुढचं. मटार सोलताना ऐकावं असं संगीत, आणि हे मी वाईट अर्थानं म्हणत नाही.

आणि मग येतो यान डिस्मास झेलेंका. हाही संगीतकार, मूळचा बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेकियातला, आयुष्य गेलं जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दरबारात. वाजवायचा व्हायोलोन, म्हणजे डबल बासच्या घरातलं गजानं वाजणारं अवजड वाद्य. गजवाल्याला श्वासाची फिकीर करावी लागत नाही, गज उलटा फिरवला की झालं. 1721-22 च्या सुमारास या गृहस्थानं सहा सोनाटा लिहिले: दोन ओबो, एक बसून (ओबोसारखंच दुहेरी पत्तीचं, पण खालच्या सुरांचं मोठं वाद्य), आणि खाली बास व हार्पसिकॉर्ड. (तिसऱ्यात एका ओबोच्या जागी व्हायोलिन आहे.) पट्ट्या निवडताना त्यानं सौजन्य दाखवलं. एफ मेजर, जी मायनर, बी फ्लॅट, सी मायनर, म्हणजे त्या दोन-तीन चाव्यांच्या ओबोला मानवणाऱ्याच. सौजन्य तिथंच संपलं. जलद भागांत पहिला ओबो धाव घेतो, तो जरा थांबेल असं वाटतं तोवर दुसरा त्याचीच ओळ उचलतो, आणि पहिल्याला विश्रांती देण्याऐवजी त्याच्यावर दुसरंच काही लादलेलं असतं. बसूननं गुमान बासची ओळ धरावी अशी त्या काळची रीत. इथं तोही वरच्या दोघांच्या मागे सुटलेला.

हे छळण्यासाठी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. ड्रेस्डेनचा वाद्यवृंद तेव्हा युरोपात नावाजलेला होता, योहान क्रिस्टियान रिश्टरसारखा ओबोवादक तिथं पगारावर होता. समोर अशी माणसं असली की लिहिणाऱ्याचा हात सैल सुटतो. झेलेंकाचं स्वतःचं नशीब मात्र तोकडं. 1729 मध्ये मुख्य संगीतकाराची जागा रिकामी झाली, त्यानं अर्ज केला, जागा गेली हासं या दुसऱ्या संगीतकाराकडे. 1745 मध्ये तो गेला आणि त्याचं संगीत दोनेकशे वर्षं कपाटात पडून राहिलं. त्याचं खात्रीचं एक चित्रसुद्धा उपलब्ध नाही.

या सोनाटांची ख्याती पसरली ती 1970 च्या दशकात हाइन्झ होलिगर आणि मोरिस बुर्ग या ओबोवादकांच्या जोडीच्या ध्वनिमुद्रणानं. वाद्यं आधुनिक, भरपूर चाव्यांची. होलिगरला गालात हवा साठवून ती बाहेर ढकलता ढकलता नाकानं श्वास घेण्याची विद्या अवगत आहे. आपल्याकडे सनईच्या जोडीला नुसता सूर धरून बसणारे हेच पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत, आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. वाजवणं अचाट आहे, वादच नाही.

तरी माझी आवड हल्लीच्या, जुन्या धाटणीच्या वाद्यांवर वाजवणाऱ्यांकडे झुकते. त्यांचा ओबो जरा घोगरा, काही स्वर दबलेले, काही उघडे. आणि माइक जवळ ठेवलेला असला की ओळींच्या मध्ये चक्क ऐकू येतं: आधी फुस्‌, मग हुस्‌. काही ध्वनिमुद्रणांत हे आवाज कापून टाकलेले असतात, आणि ती ऐकताना मलाच गुदमरायला होतं.