गणित बरोबर होतं, नाकाशी खुंट्या नव्हत्या

एम.टेक.च्या प्रकल्पात मला एका कंटेनर जहाजाचा रेझिस्टन्स, म्हणजे पाण्याचा विरोध, काढायचा होता, आधी संगणकावर आणि मग टोइंग टँकमध्ये, म्हणजे मॉडेल ओढून बल मोजायच्या लांब टाकीत. जहाज होतं केसीएस, 230 मीटर लांब, 24 नॉट वेगाचं. कोरियात आखलेलं हे जहाज प्रत्यक्षात कधी बांधलंच नाही. त्याचा आकार मात्र सर्वांना खुला आहे, म्हणून जगभरचे लोक आपलं गणित त्यावर तपासून घेतात.

आमचं मॉडेल शंभरपट लहान, 2.3 मीटरचं. लाटा जहाजासारख्याच उठायला हव्यात तर फ्राउड नंबर (वेग आणि लांबी यांचं लाटा ठरवणारं गुणोत्तर) सारखा ठेवावा लागतो, म्हणजे 24 नॉटचे होतात सेकंदाला जेमतेम 1.23 मीटर. मग घर्षण ज्यावर ठरतं तो रेनॉल्ड्स नंबर हातचा जातो. जहाजाचा 240 कोटींच्या आसपास, मॉडेलचा फक्त 34 लाख. 1872 मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्कीला अशी टाकी उभारणाऱ्या विल्यम फ्राउडने घर्षण वेगळं काढलं आणि उरलेला, मुख्यतः लाटांचा भाग वेगळा धरला, तो याच अडचणीमुळे.

ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलच्या अर्ध्या बाजूभोवतीच्या पाण्याची जाळी केली, म्हणजे ते बारीक खणांत वाटलं. (बल शेवटी दुप्पट करायचं असतं, हे पहिल्या आठवड्यात विसरले होते.) उत्तर आलं 3.40 न्यूटन. टाकीत मिळाले 3.12.

आठ टक्के! चूक माझीच, हे मी धरूनच चालले. तीन आठवडे जाळी बारीक करत राहिले, 12 लाख खणांवरून 35 लाखांवर गेले, मॉडेलच्या पृष्ठभागालगतचे खणांचे थर बदलले. आकडा एक टक्कासुद्धा हलला नाही. हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

सरांनी एकच विचारलं, "कमी वेगाला फरक किती आहे?" काढून पाहिला. अर्ध्या वेगाला तो पंधरा टक्के होता. वेग कमी तसा फरक जास्त! माझ्या गणितात प्रवाह पहिल्या इंचापासून टर्ब्युलंट, म्हणजे खळबळता, धरलेला होता. टाकीत मात्र नाकापासून बऱ्याच अंतरापर्यंत तो शांत, थरांनी सरकत होता, म्हणून घर्षण कमी भरत होतं. मोठ्या जहाजावर असं होत नाही. मॉडेलच्या नाकामागे बारीक खुंट्या लावून प्रवाह मुद्दाम बिघडवायचा असतो, आणि आमच्या मॉडेलला त्या लावलेल्याच नव्हत्या.

नाकापासून साडेअकरा सेंटिमीटरवर, म्हणजे लांबीच्या पाच टक्क्यांवर, टाकीवरच्या दादांनी खुंट्यांची रांग चिकटवली. पुन्हा सगळ्या फेऱ्या केल्या. दोन फेऱ्यांमध्ये पाणी स्थिर व्हायला वीस-वीस मिनिटं थांबायचं, दर वेळी त्याचं तापमान टिपायचं. दोन दिवस गेले.

3.34 न्यूटन. त्यात खुंट्यांचा स्वतःचा थोडा विरोध आहे, तो वजा करायचा आहे. पण प्रोहास्काच्या आलेखात, ज्यावरून फॉर्म फॅक्टर (जहाजाच्या आकारामुळे घर्षणाचा विरोध किती वाढतो ते) काढतात, कमी वेगाचे जे बिंदू आधी खाली लोंबत होते, ते या वेळी सरळ रेषेत बसले. फॉर्म फॅक्टर त्या रात्रीच काढला.