आईच्या बोटांतल्या मुंग्या

आईची केमो चालू होती तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण आधी केसांचं विचारायचा, आणि तिचे केस तर फारसे गेलेच नाहीत, विरळ झाले एवढंच. तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशननंतर दर 21 दिवसांनी ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन, आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या 14 दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, मग 7 दिवस सुट्टी.

पहिल्या सलाईनच्या दुसऱ्याच दिवशी तिने फ्रीजमधून कोथिंबिरीची जुडी काढली आणि "आई गं" म्हणून खालीच टाकली, म्हणे करंट बसला. मग माठातलं पाणी प्यायली तर घसा आवळल्यासारखा झाला, श्वास अडकतोय असं वाटून इतकी घाबरली की रात्रभर कोणी झोपलं नाही. या औषधाने नसांना थंड सोसत नाही, म्हणून तसं भासतं, श्वासनलिका खरंच बंद होत नाही. (पुरळ, ओठ सुजणं, धाप लागणं असेल तर ती ॲलर्जी असू शकते, तेव्हा लगेच हॉस्पिटल.) मग कोमट पाणी, नाशिकच्या थंडीत हातमोजे, आणि फ्रीज उघडायचं काम माझं. आठवड्याभरात ते ओसरायचं.

पाचव्या सायकलनंतर (21 दिवसांची एक सायकल) मात्र बोटांतल्या मुंग्या जाईचनात. आणि आईने हे आमच्यापासून लपवलं! मला कळलं ते ब्लाऊजच्या हुकांवरून, दहा मिनिटं आत खटपट करत होती आणि दार उघडलं तर डोळ्यात पाणी. "सांगितलं तर औषध बंद करतील गं."

डॉक्टरांनी नीट समजावलं, थंडीचा त्रास येतो-जातो, पण हा दुसरा त्रास प्रत्येक डोसबरोबर साठत जातो, औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो, काहींचा कायमचा राहतो. म्हणून वेळेत सांगायचं. त्यांनी आधी डोस कमी केला, शेवटी सलाईन थांबवलं, गोळ्या पूर्ण केल्या. डोस कमी केला म्हणजे ट्रीटमेंट फसली असं नसतं हो, आणि सोसणारा पेशंट म्हणजे चांगला पेशंट असंही नसतं.

तापाचंही तेच. 100.4 किंवा त्याच्या वर गेला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, केमोत पांढऱ्या पेशी कमी असतात, इन्फेक्शन पटकन वाढतं, रात्री दोन वाजता पण फोन करा.

आता आठ महिने झाले. भाकरी थापते, मेथी निवडते. सुईत दोरा अजून ओवता येत नाही, आणि हुक मी लावते, पण आता ती हाक मारते.