किन्नरी: एकदाची स्वतःच्या पायावर

उभी राहिली! पाट नाही, आधार नाही, टेबलावर नुसती ठेवली आणि राहिली. (किन्नरी म्हणजे कमरेच्या वर बाई आणि खाली पक्षी. तिची मूर्ती करतोय.) मागच्या नोंदीत ती सारखी मागे कोलमडत होती आणि शेपटी लावली की जास्तच, हे आठवत असेल. ('किन्नर म्हणजे तुरंगवदन, घोड्याच्या तोंडाचा, अमरकोश बघा' असं सांगणाऱ्यांना नमस्कार. घोडतोंड्या पुढच्या वर्षी.)

पक्ष्याचा 'उलटा गुडघा' म्हणजे खरं तर घोटा, हे आपल्याला पाठ आहे. खरा गुडघा पिसांत दडलेला असतो आणि मांडीचं हाड जवळजवळ आडवं, पुढे आलेलं. पक्ष्याचं धड खुब्याच्या पुढे असतं, म्हणून मांडी पुढे गेली की पाऊल नेमकं वजनाखाली येतं. याच पायांवर माणसाचं ताठ धड ठेवलं की वजन राहतं खुब्यावर आणि पावलं जातात पुढे. मग दुसरं काय होणार! मांडी उभी केली तर तोल साधतो, पण पक्ष्याचा पायजमा घातलेली बाई दिसते. कमरेतून पुढे वाकवली तर डौल गेला. जुन्या शिल्पकारांना ही कटकट नव्हती, मागून दगडाने धरलेलं असायचं. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीभोवती जे किन्नर आहेत ते तर चित्रातले, त्यांना कसला तोल? माझा मात्र हट्ट आहे: पाटाला जखडण्याआधी मूर्ती मोकळी उभी राहिली पाहिजे. नाहीतर बघणाऱ्याला ती पडतेय असंच वाटत राहतं.

उत्तर मिळालं नेरुळला. टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत भरतीच्या वेळी रोहित (फ्लेमिंगो) येतात, कारण ठाणे खाडीतला त्यांचा चिखल तेव्हा पाण्याखाली असतो. (जाणार असाल तर भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला फक्त डास भेटतील.) सगळे माना खाली घालून उभे होते, त्यातल्या एकाने मान सरळ वर काढली आणि डोक्यात उजेड पडला. माणसाचं धड खुब्यावर ठेवायचंच कशाला? ते मानेच्या जागी बसवायचं! पक्ष्याचं अंग आडवंच राहू द्यायचं आणि त्याच्या पुढच्या टोकातून कंबर वर काढायची. वजन पावलांवर आलं आणि इतके दिवस वैरीण असलेली शेपटी आता पासंग झाली.

घरी येऊन आधी शाडूत छोटा नमुना केला. शाडू तारेवर सुकताना आकसून तडकतो, तेव्हा ओला असतानाच तोल बघायचा आणि मोडायचा. मग खरी मूर्ती. धडात ॲल्युमिनियम फॉइल ठासून वजन कमी केलं. शेपटीत दिवाळे कोळीवाड्यातून आणलेल्या, गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या एपॉक्सी पुट्टीत गाडल्या. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि मूर्तीची पॉलिमर क्ले भाजायची १३० ला, त्यामुळे ओव्हनची चिंता नाही. हात मात्र साबणाने धुवा.

तारेबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. आर्मेचरसाठी, म्हणजे मूर्तीच्या आतल्या सांगाड्यासाठी, म्हणून महाग विकतात ती ॲल्युमिनियमची तार हातांना ठीक, पायांना नको. पायांना सायकलचे स्पोक. २ मिमी पोलाद, चार पैशांत मिळतं आणि टोकाला आटे तयार! पाटाला भोक पाडून खालून निपल (स्पोकचा नट) आवळला की विषय संपला. हा जुगाड सुचला त्या रात्री मी झोपलोच नाही.

हे लिहिता लिहिता एक खूळ डोक्यात शिरलंय. रोहित एका पायावर उभा राहतो त्याला स्नायूंचा जोर जवळजवळ लागतच नाही, असं २०१७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवलं. तो पाय तिरका आत येतो आणि पाऊल अंगाच्या मध्याखाली टेकतं. किन्नरीचाही एक पाय उचलला तर? कंबर एका बाजूला जाईल आणि त्रिभंग, म्हणजे अंगाला तीन ठिकाणी बाक असलेली उभं राहायची ढब, फुकटात मिळेल. मग तिच्या हातांत द्यायची ठरवलेली वीणा बाद, ती सगळं वळण झाकून टाकते. हातांत झांजा देतो. एका पायासाठी दोन स्पोक शेजारी ठेवून वर तांब्याची बारीक तार गुंडाळावी लागेल, तेवढं जाडजूड घोट्याखाली खपेल का ते बघायचंय.

आणि हो, पंख! हात आणि पंख एकाच खांद्यावर कोंबायचे कसे, यावर आपण केवढा काथ्याकूट केला होता. आता आडवं अंग आहे म्हटल्यावर पंखांना त्यांची हक्काची जागा मिळाली, पक्ष्याच्याच खांद्यावर. माणसाच्या पाठीवर पाडून ठेवलेल्या खाचा आजच बुजवतो.