गणिताचं घर किती लांब?

एम.एड.च्या शोधप्रबंधासाठी मी विषय घेतला होता तिसरीच्या मुलांची गणिताबद्दलची अभिवृत्ती, म्हणजे आवड-नावड. शाळा जिल्हा परिषदेची, बीड जिल्ह्यातली. अशा कामाला सहसा लिकर्टची श्रेणी वापरतात, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत'. रेन्सिस लिकर्ट यांनी ती १९३२ साली मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर तिसरीची पोरं नव्हती. आठ वर्षांच्या मुलाला 'असहमत' समजावण्यातच तास संपतो.

मार्गदर्शक सर म्हणाले, चित्रं वापरून बघा. वाचायला घेतलं तर ही वाट चांगलीच रुळलेली निघाली. अमेरिकेत मॅककेना आणि किअर यांनी १९९० मध्ये वाचनाच्या आवडीसाठी २० प्रश्नांची चाचणी केली. त्यात प्रत्येक प्रश्नाखाली गारफिल्ड या कार्टूनमधल्या मांजराच्या ४ मुद्रा असतात, एकदम खूश ते पार वैतागलेली. मधला तटस्थ पर्यायच नाही, म्हणजे मुलाला कुठल्या तरी बाजूला जावंच लागतं. इंग्लंडमधल्या जॅनेट रीड यांच्या ५ चेहऱ्यांच्या 'स्मायलीओमीटर'बद्दलही वाचलं. लहान मुलं बहुतेकदा सगळ्यात हसरा चेहराच निवडतात, हा इशाराही त्यासोबत होता.

पूर्वचाचणीत नेमकं तेच झालं. वर्गाने भागाकारालासुद्धा हसरा चेहरा दिला. भागाकार काढला की ज्याला हमखास तहान लागते, त्यानेही! मॅडमसमोर रडका चेहरा कोण रंगवणार?

मग हवामानाची चित्रं घेतली. ऊन म्हणजे आवडतं, पाऊस म्हणजे नावडतं. बऱ्याच जणांनी गणिताला पाऊस दिला. एकाला कारण विचारलं तर म्हणतो, "पाऊस आला की आबा लई खूश असतेत." उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात ऊन हे सुखाचं चिन्ह असतं, हे फक्त पुस्तकांना माहीत. शिडीचं चित्रही बाद झालं. वरची पायरी म्हणजे पहिला नंबर, असं मुलांनी धरलं आणि आवड सोडून गुण सांगायला लागली.

टिकलं ते घरांचं चित्र. कागदाच्या मधोमध स्वतःचं घर, आणि प्रत्येक विषयाचं कापलेलं छोटं घर जवळ किंवा लांब, वाटेल तिथे चिकटवायचं. नंतर अंतर पट्टीने सेंटीमीटरमध्ये मोजायचं. हसण्या-रडण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे मुलं मोकळी झाली. चाचणी घ्यायलाही मी गेले नाही, दुसऱ्या वर्गाच्या सरांना पाठवलं.

तरी एका मुलीने गणिताचं घर अगदी खेटून लावलं आणि मध्ये पेन्सिलीने भिंत काढली. "शेजारी हाय, पण बोलणं नाही." दुसऱ्याने मराठीला कागदाच्या पार कोपऱ्यात नेलं, कारण मामाचं गाव लांबच असतं. आकड्यात पाहिलं तर मराठी त्याची सगळ्यात नावडती! म्हणून प्रत्येक चित्राखाली मुलाचं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, लिहून घ्यायचं ठरवलं. जिथे वाक्य आणि अंतर एकमेकांच्या विरुद्ध गेले, ती मुलं सरासरीत न धरता वेगळ्या तक्त्यात दाखवली. विश्वासार्हतेसाठी काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली आणि सहसंबंध काढला, म्हणजे दोन्ही वेळची अंतरं कितपत जुळतात ते पाहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भिंतीचं चित्र उचलून विचारलं, "याला गुण किती दिले?" दिलेच नाहीत, म्हटलं. त्यांनी शेरा लिहिला आणि पुढचं पान उलटलं.