पाच रुपये जास्त

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या ग्रुपवर मेसेज आला की स्मरणिकेसाठी प्रत्येक बॅचमधून एकाने मनोगत लिहून द्यायचं, आणि आमच्या मार्च 1989 च्या बॅचने परस्पर माझं नाव टाकून दिलं. मी तेव्हा जळगावला ऑफिसात होतो, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या धंद्यात ऑडिट रिपोर्टची नुसती झुंबड, तरी समोरची फाईल मिटून पंधरा मिनिटं तसाच बसून राहिलो. शाळा म्हटलं की बाकीच्यांना वर्ग आठवतो, ग्राउंड आठवतं, मला मात्र ऑफिसची ती लोखंडी जाळीची खिडकी आठवते आणि तिच्या आत बसलेले आमचे क्लार्क आप्पा.

सरांबद्दल आणि बाईंबद्दल या स्मरणिकेत कोणी ना कोणी लिहीलच, लिहायलाच पाहिजे. पण आप्पांवर कोणी लिहिलं नाही तर, ही धास्ती मला वाटली. शिक्षक दिनाला ऑफिसात कोणी फूल नेऊन देत नाही. मीही कधी दिलं नाही आणि ते मला अजून लागतं.

आप्पा 1963 ला ज्युनियर क्लार्क म्हणून लागले आणि 1999 ला अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. पगारबिल, वेतनेतर अनुदानाचा हिशोब, ईबीसीचे म्हणजे फी सवलतीचे फॉर्म, स्कॉलरशिपच्या याद्या, डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या सामानाची नोंद, जनरल रजिस्टर, दाखले, हे सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. कॅशबुक तर त्यांचं बघण्यासारखं असायचं, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, रोज संध्याकाळी शिल्लक काढून खाली हेडसरांची सही. आकडा चुकला तर त्याच्यावरून लाल शाईची एकच आडवी रेघ, वर बरोबर आकडा आणि बाजूला सही, पण खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. खोडून काळं केलेलं त्यांना अजिबात चालायचं नाही. मी आज माझ्या ऑफिसातल्या पोरांना कॉम्प्युटरवरच्या हिशोबात सुद्धा हेच सांगतो, की जुनी एंट्री डिलीट करू नका, उलटी एंट्री टाका.

आमच्याकडे तेव्हा सगळं कापसावर चालायचं. सरकारच्या एकाधिकार खरेदीत कापूस घातला की चुकारा, म्हणजे त्याचे पैसे, कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि चुकारा आल्याशिवाय घरात फीचा विषय काढायची सोय नाही. आप्पांच्या खिशात एक छोटी डायरी असायची, तिच्यात ज्यांचा चुकारा यायचा आहे त्यांची नावं. त्या पोरांना ते खिडकीवर कधी नावाने हाक मारायचे नाहीत. फीची यादी वर्गात वाचायला गेली की ती नावं त्या यादीत नसायची, बस एवढंच, आणि आम्हाला वाटायचं चुकून राहिलं असेल. माझे वडील जिनिंगमध्ये हमाल होते, आम्हाला तर चुकारा पण नव्हता, तरी माझं नाव त्या डायरीत होतं हे मला फार वर्षांनी कळलं. ईबीसीचा फॉर्म त्यांनीच भरला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांना तलाठ्याकडे कधी जायचं ते सुद्धा त्यांनीच सांगितलं, कारण हमालाचा एक रोज बुडाला की काय होतं ते त्यांना माहीत होतं.

संचयिका, आपली शाळेतली बचत बँक, आठवते ना सगळ्यांना? शनिवारी सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात टेबल टाकून ती भरायची, पोरं चार आणे, आठ आणे, रुपया आणून जमा करायची. आप्पांनी मला नववीत त्या टेबलावर बसवलं. गणितात बरा होतो म्हणून बसवलं असं मी समजायचो, पण त्यांनी कारण सांगितलं नाही कधी. पासबुकात आकडा लिहायच्या आधी पैसे मोठ्याने मोजायचे, देणाऱ्याला ऐकू गेलं पाहिजे, ही तिथली पहिली शिकवण.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट. नोव्हेंबर 1988, दहावीचे फॉर्म भरायचा शेवटचा आठवडा. खिडकीवर दिवसभर रांग. संध्याकाळी मी पावत्यांची अर्धुकं नंबरवार लावायला थांबलो होतो. आप्पांनी पावत्यांची बेरीज केली, रोकड मोजली, पाच रुपये जास्त निघाले. परत मोजली, परत जास्त. मी म्हटलं आप्पा जास्तच आहेत ना, कमी तर नाही. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि मग म्हणाले, "कमी असते तर मी खिशातून टाकले असते आणि घरी जाऊन झोपलो असतो. जास्त आहेत म्हणजे कोणाच्या तरी घरात आज कमी आहेत."

मग त्यांनी पाचच्या सगळ्या नोटा टेबलावर एकेक करून पसरल्या. चौदा होत्या, हिशोबाने तेरा पाहिजेत. दोन नोटा अशा होत्या की त्यांच्या घड्या एकसारख्या, बारीक चौकोनी, आणि दोन्ही ओलसर. त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या. मला एकदम आठवलं की दुपारी आमच्या वर्गातल्या एकाची आई कापूस वेचता वेचता तशीच आली होती, पदराच्या गाठीतून नोटा सोडून दिल्या होत्या तिने, घामाने भिजून चिकटलेल्या. तिच्या बोटांना बोंडाच्या काट्यांचे ओरखडे होते हे पण मला आठवलं.

तिचं गाव गिरणेच्या पलीकडे. मी म्हटलं उद्या तो शाळेत येईलच, त्याच्याजवळ देऊ. आप्पा म्हणाले, आज रात्रभर ती माउली पदर झटकत बसेल. मग मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि निघालो. नदीला गुडघाभर पाणी होतं, धरणाचं पाणी सुटलेलं. आप्पांनी पायजमा वर खोचला, चपला हँडलला अडकवल्या, सायकल खांद्यावर घेतली, आणि शाईचं पॅड कोरडं राहावं म्हणून ते माझ्या डोक्यावर ठेवायला दिलं. शाईचं पॅड कशाला घेतलं ते मला तिथे गेल्यावर कळलं.

त्या घरी अंधारच पडला होता, चूल पेटलेली. आप्पा दारातच अहिराणीत म्हणाले, "ह्या पाच रुपया तुमना शेतस माय, चिकटेल व्हत्यात." ती बाई बघतच राहिली. मग म्हणाली, "पाच रुप्यासाठे इतला लांब उनात का आप्पा?" म्हणजे एवढ्या लांब आलात का. आप्पांनी खिशातून कागद काढला, त्याच्यावर तारीख, पावती नंबर, जास्त आलेली रक्कम परत केली असं आधीच लिहून आणलं होतं, आणि अंगठा मागितला. तेव्हा ती हसली, "मना पैसा मालेच देतस, आनि आंगठा बी मनाच लेतस का?" पण दिला अंगठा. मग आम्हाला तिने बसवलं आणि कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला लावला, आप्पांनी नाही म्हटलं नाही. परत शाळेत येऊन कंदील लावून त्यांनी तो कागद त्या दिवसाच्या व्हाऊचरमध्ये टाचला, शिल्लक काढली आणि पुस्तक बंद केलं. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. माझी आई रस्त्यावर उभी होती, तिलाही त्यांनीच समजावलं.

शाळेबाहेर पण ते असेच. कानबाईच्या उत्सवाच्या वर्गणीचा हिशोब त्यांच्याकडे, वाचनालयाचा त्यांच्याकडे, उन्हाळ्यात स्टँडवरच्या पाणपोईचे रांजण भरायला पहाटे स्वतः जायचे. म्हाताऱ्या बायांचे संजय गांधी निराधारचे फॉर्म त्यांच्या ओट्यावर भरले जायचे, पैसा कोणाकडून नाही, चहा पण नाही. 2007 च्या सुमाराला आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये लोकांच्या ठेवी अडकल्या तेव्हा तर ते सत्तरीकडे झुकलेले, रोज दुपारी ठेवीदारांच्या पावत्या बघून अर्ज लिहून द्यायचे. माझ्या आईचे चाळीस हजार एका ठिकाणी अडकले होते. मी मोठा हिशोबनीस, जळगावला ऑफिस असलेला, आणि माझ्या आईचा अर्ज मला विचारायच्या आधीच आप्पांनी लिहून ठेवला होता. पैसे पूर्ण आले नाहीत. पण तिच्या पावतीवरचं एक अक्षर सुद्धा त्यांनी चुकू दिलं नव्हतं.

मागच्या महिन्यात शाळेत गेलो होतो. ऑफिसची जाळी काढून तिथे काच लावली आहे, पगार ऑनलाईन, फी मोबाईलवरून, सगळं चांगलंच आहे, मी विरोधात नाही. पण खिडकीजवळचा तो कडुनिंब नाही राहिला आणि पाचवीची एकच तुकडी उरली आहे हे बघून मला बसवलं नाही. गावातली पोरं सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून बाहेर जातात. आपण जुन्या विद्यार्थ्यांनी कमानीला पैसे देण्याऐवजी या तुकड्यांसाठी काही करावं असं मला मनापासून वाटतं, कमिटीने विचार करावा.

तिथून आप्पांकडे गेलो. वय चौऱ्याऐंशी, डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण मला आवाजावरून ओळखलं. अमृतमहोत्सवाची वर्गणी किती जमली विचारलं, पावती पुस्तकं किती छापली विचारलं, आणि पहिल्या पुस्तकाचा नंबर कोणाकडे आहे ते पण विचारलं. मी माझी पावती दाखवली, त्यांनी बोटाने चाचपून डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि घडी करून माझ्या खिशात परत घातली.

कार्यक्रमाच्या दिवशी आप्पांना घरून आणायचं माझ्याकडे, मी सकाळी नऊला गाडी घेऊन जातो आहे. फक्त हॉलच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, म्हणून ऑफिसच्या मागच्या दाराची किल्ली कोणीतरी आदल्या दिवशी काढून ठेवा. आणि खुर्ची पहिल्या रांगेत, स्टेजकडे तोंड केल्यावर डाव्या टोकाला द्या, म्हणजे त्यांचा चांगला कान स्टेजकडे राहील.